प्रतिसाद: पोलिश साहित्यातली व्यक्ती राष्ट्रात विरघळते का?

वरच्या चर्चेत असं मत आलं आहे की पोलिश साहित्यात माणूस शेवटी राष्ट्रात विरघळून जातो. पोलिश कवी मित्स्क्येविचच्या 'जादी' या काव्यनाटकाच्या तिसऱ्या भागापुरतं (१८३२) ते पटतं. तिथला कोनराद लक्षावधींचं दुःख स्वतःचं मानून थेट देवाशी भांडतो. देशच नकाशावरून पुसला गेला होता, तेव्हा कवीने सगळ्यांच्या वतीने बोलणं स्वाभाविकच.

पण कवी मिरोन ब्याउओशेव्स्कीचं, नाझी जर्मन ताब्याविरुद्धच्या वॉर्सा उठावाच्या आठवणींचं पुस्तक (१९७०) वाचाच, अशी कळकळीची विनंती. १ ऑगस्ट १९४४ ला उठाव सुरू झाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. हाती बंदूक नव्हती, साधा नागरिक. त्रेसष्ट दिवसांचा तो काळ त्याने पंचवीसेक वर्षांनी लिहिला, तोही बोलल्यासारख्या तुटक वाक्यांत. अडखळत, पुन्हा मागे जात, गल्ल्यांची नावं आठवत. 'आम्ही' हा शब्द पुस्तकभर येतो, पण ते आम्ही म्हणजे राष्ट्र नव्हे; एका तळघरात दाटीने बसलेली, एकत्र प्रार्थना म्हणणारी, पाणी शोधणारी माणसं. बाँब पडला की तळघर बदलतं आणि समाजही बदलतो. पुढे तो गटारातून जुन्या शहराबाहेर निसटतो.

वीरगाथेची सवय झालेल्या काही वाचकांना हे पुस्तक खुपलं. मला मात्र कोनरादच्या आक्रोशापेक्षा हा समाज जास्त खरा वाटतो, कारण इथे 'मी' सगळ्यांच्या वतीने बोलत नाही, फक्त सगळ्यांमध्ये असतो.