मदत हवी आहे: लॅब्राडॉरचं लंगडणं थांबत नाही

नमस्कार मंडळी. आमची लॅब्राडॉर मैना, वय ७, वजन ३८ किलो, पावसाळ्यापासून मागच्या डाव्या पायाने लंगडतेय. झोपून उठली की पंजा जेमतेम टेकवते, बसताना तो पाय बाजूला काढते. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, बंद केल्या की पुन्हा तेच. फार जीव तुटतो. गोचीड तापाची रक्ततपासणी नॉर्मल आहे. डॉक्टरांना गुडघ्याचं लिगामेंट फाटल्याची शंका आहे. एक्स-रेत ते थेट दिसत नाही, म्हणून भूल देऊन गुडघा तपासू म्हणतात. तसं निघालं तर टीपीएलओ, म्हणजे हाड कापून प्लेट बसवायची. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला नुसत्या विश्रांतीने कुणाकडे फरक पडलाय का? पुण्या-मुंबईत हे ऑपरेशन कुणी करून घेतलंय? नंतर जिना आणि गुळगुळीत फरशी कशी सांभाळलीत? माणसांच्या पेनकिलर कृपया सुचवू नका, कुत्र्यांना त्या घातक ठरतात.