टीम लीड झाले, आता माझा स्वभाव बदलू का?

प्रश्न

चार महिन्यांपासून अकरा जणांची टीम सांभाळते आहे. त्याआधी सहा वर्षं इथेच टेस्टिंग करत होते. मीटिंगमध्ये आधी सगळ्यांचं ऐकायचं, वहीत लिहून घ्यायचं आणि निर्णय शेवटी सांगायचा, ही माझी पद्धत. परवा रिव्ह्यूत मॅनेजर म्हणाले, "काम चोख आहे, पण तू लीडर वाटत नाहीस. जरा आवाज चढव."

त्यांच्या आधीच्या अशाच सूचनेवरून मी दोन आठवडे तसं वागूनही पाहिलं होतं. एका मुलाला सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून तो काही सांगायला येईना. पुढे एक मोठा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, थेट ग्राहकाला सापडला, आणि त्या मुलाला तो आधीच दिसला होता! त्या रात्री मला झोप लागली नाही. वर एक मैत्रीण म्हणते, "हल्ली फार चिडचिडी झालीस." आता वागू तरी कशी?

उत्तर १

यात तुमचा दोष आहे, हे आधी मनातून काढा. अ‍ॅलिस ईगली आणि स्टीव्हन कराऊ या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये नेमकं हेच मांडलं. बाई म्हणजे मायाळू आणि नेता म्हणजे कणखर, अशा दोन अपेक्षा लोकांच्या डोक्यात असतात. मायाळू राहिलात तर नेता वाटत नाही, कणखर झालात तर बाई म्हणून खटकता. १९७९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांनीसुद्धा आवाज खर्जात आणायची तालीम घेतली होती. मला त्याचं फार वाईट वाटतं. इतक्या हुशार बाईला आधी आवाज दुरुस्त करावा लागला.

उत्तर २

पटलं, पण एक सांगते. मी पंधरा वर्षं वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. पहिलं वर्षभर "माझा स्वभावच मऊ" म्हणत मी कटकटी टाळल्या. एक सिस्टर रोज उशिरा यायची आणि रात्रपाळी केलेल्या मुली तिच्यासाठी खोळंबायच्या. माझ्या मऊपणाची किंमत त्या मोजत होत्या. शेवटी तिला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "उद्यापासून सात म्हणजे सात. अडचण असेल तर आत्ता सांग." तिची अडचण खरी होती, आम्ही पाळी बदलली. ताई, आवाज तुमचाच ठेवा, पण बोलायचं ते बोला.

उत्तर ३

इंद्रा नूयी पेप्सिकोच्या सीईओ असताना (२००६ ते २०१८) आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आईवडिलांना पत्रं लिहायच्या, तुमच्या मुलाबद्दल आभार म्हणून. कुठल्या मॅनेजमेंटच्या वर्गात हे शिकवत असतील असं वाटत नाही. तुमची वही सोडू नका.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टरताई, तुमचं बोलणं लागलं, कारण मीही दोन गोष्टी टाळत होते. आज सकाळी त्या मुलाची सगळ्यांसमोरच माफी मागितली, कारण झापलंही सगळ्यांसमोरच होतं. मग वहीतले तीन निर्णय वाचून दाखवले, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. एकाला तारीख आवडली नाही. मी त्याचं पूर्ण ऐकलं आणि तारीख तीच ठेवली. दुपारी तो मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "मॅम, इथे काहीतरी गडबड वाटतेय."

मॅनेजरशी शुक्रवारी बोलणार आहे. वही घेऊनच जाईन.