प्रतिसाद: ऑफ-रोड (कच्च्या रस्त्यावर चालवायची) 4x4 गाडी दहा वर्षं ठेवायची तर परफॉर्मन्स की साधं मॉडेल?

'परफॉर्मन्स मॉडेल घेतलं की पुढे सस्पेन्शनवर खर्च नाही' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते उलटं आहे. परफॉर्मन्स मॉडेलचे नायट्रोजन भरलेले, रिझर्व्हायरवाले (तेलाची जोडटाकी असलेले) शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठरावीक काळाने खोलून सील आणि तेल बदलावं लागतं. शॉकच्या रॉडवर तेलाच्या ओलीत चिकटलेली धूळ दिसली की सील गेलंच समजा. त्यात इलेक्ट्रॉनिक डॅम्पिंग (शॉकचा कडकपणा आपोआप बदलणारी यंत्रणा) असेल तर अख्खा शॉक बदलण्याची वेळ येऊ शकते.

परफॉर्मन्स मॉडेलला ३२ ऐवजी ३७ इंची टायर असतील तर चाकाची त्रिज्या सुमारे १६ टक्के जास्त. त्यामुळे वाढणारा भार बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग या चाक आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर येतो. वाळूत, मोकळ्या मैदानात वेगाने पळवणार असाल तरच परफॉर्मन्स मॉडेल परवडतं. दगडधोंड्यांत सावकाश चालवायला साधं मॉडेल, मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आणि लो रेंज (कमी वेग, जास्त जोराचे गिअर) पुरे.