हस्कीच्या एसीवरून भांडण पुरे, त्याच्या ताटात काय आहे ते बोलू

वेताळटेकडी (धागाकर्ती)

एप्रिल लागला की हस्कीवरून भांडणं जुंपतात. एक बाजू म्हणते, सैबेरियाचं कुत्रं पुण्या-मुंबईत आणलंच कशाला? दुसरी म्हणते, आमच्याकडे दिवसरात्र एसी चालतो, तुम्हाला काय त्रास? दोन्ही बाजू तापमानावरच अडकतात. तो खातो काय, हे कुणी विचारत नाही. माझं मत असं की घरात हस्की आलेलाच असेल, तर एसीच्या आधी त्याच्या खाण्याकडे बघावं.

आमच्या टेकडीवर संध्याकाळी येणाऱ्या हस्कींमध्ये एक दीड वर्षाचा नर आहे. त्याच्या डोळ्यांभोवतीचे केस जाऊन गुलाबी कडं पडलं होतं, ओठांच्या कोपऱ्यांत पिवळट खपल्या धरल्या होत्या आणि पायांचे तळवे आटलेल्या तळ्यासारखे भेगाळले होते. मालक खरूज समजून औषधी शाम्पूने आंघोळी घालत होते. खाणं विचारलं तर सकाळी दूध-पोळी, रात्री दूध-पोळी, वरून कॅल्शियमचं सिरप. शेवटी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला तेव्हा कळलं, शरीराला झिंक मिळत नाहीये.

हा त्वचारोग हस्की आणि मॅलम्यूट या जातींत खास दिसतो. त्यांच्यातल्या काही कुत्र्यांच्या आतड्यांत झिंक शोषून घेण्याची ताकद जन्मापासूनच कमी असते. त्यात गव्हाच्या कोंड्यात, डाळींत, सोयाबीनमध्ये फायटेट असतं. ते झिंकला धरून ठेवतं. कॅल्शियम जास्त झालं तरी तेच होतं. म्हणजे पोळी, दूध आणि सिरप, जे आपण मायेने देतो, ते तिन्ही मिळून त्या बिचाऱ्याचं झिंक अडवतात. सैबेरियातल्या चुकची लोकांनी हा कुत्रा मासे, सील आणि वॉलरस यांच्या मांस-चरबीवर पोसला. गव्हाशी त्याच्या पूर्वजांची ओळखही नव्हती.

आमच्या घरची मादी चांगल्या प्रतीच्या कोरड्या खाद्यावर आहे. पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ लिहिलंय का, आणि पहिला घटक मांस आहे का, हे बघून घेतो. त्यावर उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं चिकन, आणि मंडईत ताजा बांगडा मिळाला तर तो उकडून, काटे काढून. दूध बंद. दह्याचा एखादा चमचा तिला पचतो, तेवढाच.

भाकरीचा_चंद्र

ताई, एका कुत्र्याच्या खपल्यांवरून पोळीला आरोपी करू नका. सातारला आमच्या घरी राजा होता. भाकरी, ताक आणि उरलेली आमटी खाऊन म्हातारा होऊन गेला. ना पाकीट, ना डॉक्टर. आज पाकिटातल्या खाण्याला महिन्याला चार-पाच हजार जातात आणि त्यात नेमकं काय दळलंय हे विकणाराही सांगू शकत नाही. घरचं अन्न निदान डोळ्यांसमोर शिजतं. ज्याला ते हजार परवडत नाहीत त्याने कुत्रं पाळायचंच नाही का?

वेताळटेकडी (धागाकर्ती)

दादा, घरच्या अन्नाला माझा विरोध नाही, नुसत्या दूध-पोळीला आहे. राजा भाकरीवर जगला असं आपण म्हणतो, पण गावातला मोकळा कुत्रा दिवसभर उकिरड्यावर, कोंबडीवाल्याच्या दुकानामागे, शेतात उंदरांमागे काय काय खाऊन येतो ते आपण बघत नाही. फ्लॅटमधला हस्की तुम्ही जे ताटात घालाल तेवढंच खातो. शिवाय आमटीत कांदा-लसूण असतो. कांद्याने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, मग तो राजा असो की हस्की. शिऱ्यातले बेदाणे तर मूत्रपिंडावर जातात.

दुसरं म्हणजे हस्की त्याच्या आकाराच्या मानाने कमी खातो. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत स्लेज ओढणाऱ्या कुत्र्याला दिवसाला 10,000 कॅलरीच्या आसपास लागतात. तेच 22 किलोचं कुत्रं कोथरूडमध्ये सोफ्यावर झोपत असेल, तर त्याला हजार-अकराशे पुष्कळ होतात. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातच त्यातल्या पाचशे गेल्या. मग तो चिकनला तोंड लावत नाही आणि आपण म्हणतो, “आमचा फार नखरेल आहे हो.” अहो, त्याचं पोट भरलंय.

ऑरेंज_सिटी

खाण्याचं पटलं. पण तापमान मागे टाकू नका, जीव त्यानेच जातो. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. झिंकची कमतरता महिनोन्महिने चालते, उष्माघात अर्ध्या तासात संपवतो.

आणि सगळ्यांनी एसीच लावावा असं नाही. आमच्याकडे हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मस्त काम करतो. हस्की त्याच्यासमोर फरशीवर पसरून दुपार काढतो. मुंबईत किंवा कोकणात तोच कूलर लावाल तर खोलीतला दमटपणा वाढेल, आणि दमट हवेत कुत्र्याला नुसतं धापा टाकून अंग थंड करता येत नाही, कारण जिभेवरचं पाणी नीट उडत नाही. चिपळूणचा 34 अंशांचा दिवस हस्कीला आमच्या 40 पेक्षा जड जाऊ शकतो, हे आमच्या मुंबईच्या नातेवाइकांना पटवता पटवता मी थकलो.

फिरवणं पहाटे साडेपाचच्या आत आणि रात्री नऊनंतर. त्याआधी डांबरावर उलटा तळहात टेकवून बघायचा. पाच-सात सेकंद ठेववला नाही, तर त्याचे पायही तिथे ठेवायचे नाहीत.

कारवानवाला

मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही कूलर आणि बांगडा यांवर वाद घालताय, मूळ प्रश्न सोडून. हा प्राणी मैलोन्मैल धावण्यासाठी घडवलेला आहे. 1925 साली अलास्कात नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा औषध घेऊन हजारावर किलोमीटरची बर्फातली वाट कुत्र्यांच्या टोळ्यांनी साडेपाच दिवसांत पार केली. टोगो आणि बाल्टो या कुत्र्यांची नावं त्यातूनच जगाला कळली. त्या रक्ताचं कुत्रं तुम्ही दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पहाटे अर्धा तास फिरवता आणि वर म्हणता, तो निरोगी आहे. सोफा फाडतो, रात्री हेल काढतो, दार उघडं दिसलं की पळतो. हे सुद्धा अनारोग्यच.

आपल्या मराठवाड्यात कारवान आहे, पश्मी आहे, शेजारी कर्नाटकात मुधोळ आहे. उन्हात धावणारी, कमी खाणारी, कातडीला लोकर नसलेली कुत्री. ती सोडून निळ्या डोळ्यांसाठी पन्नास हजार मोजणाऱ्यांना खाण्याचा तक्ता देणं म्हणजे चुकीच्या खरेदीला सोय करून देणं आहे. मी कुणालाही हस्की घ्यायचा सल्ला देणार नाही आणि ज्यांनी घेतला त्यांचं कौतुकही करणार नाही.

वेताळटेकडी (धागाकर्ती)

नवीन हस्की घेऊ नका, हे मीही म्हणते. आमची मादी दुसऱ्या घराने सोडून दिलेली आहे. पण जे आधीच इथे आहेत त्यांना कुठे पाठवायचं? तुमचा राग माणसांवर आहे, तो रास्त आहे. खपल्या मात्र कुत्र्याच्या तोंडावर येतात.

व्यायामाचं म्हणाल तर ते तुमचं बरोबर आहे. उन्हाळ्यात धावता येत नाही, तेव्हा आम्ही तिचं निम्मं खाणं घरभर लपवतो आणि नाकाने शोधायला लावतो. तेवढ्याने सोफा वाचतो.

कच्चं_ते_सच्चं

कुणी कच्च्या मांसाचं नाव काढत नाही याचं आश्चर्य वाटतं. धागाकर्ती स्वतः म्हणतात की चुकची लोकांनी मांसावर पोसला, आणि मग देतात भट्टीत फुगवलेल्या गोळ्या! आमचा नर कच्चं चिकन, कलेजी-पेटा आणि हाडं खातो. दात पांढरे, केसांना चमक, शी कमी. निसर्गाने जे ठरवलंय ते द्या, झिंकच्या गोळ्या लागणारच नाहीत.

गोठा_ते_दवाखाना (पशुवैद्य)

वाचत होतो, आता लिहितो.

कच्च्या मांसाबद्दल. आपल्या चिकनच्या दुकानात कापलेलं मांस किती वेळ उघड्यावर होतं हे तुम्हाला माहीत नसतं. साल्मोनेला नावाच्या जंतूने कुत्रा आजारी पडेल न पडेल, पण तो तेच तोंड तुमच्या आजीच्या हाताला लावतो. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मी कच्चं नको म्हणतो. नुसत्या चिकन-कलेजीत कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गणितही जुळत नाही. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व साठत जातं. शिजवलेलं हाड तर कधीच नको, ते टोकदार चिरफळतं आणि आतड्यात रुततं. तुमच्या नराचे दात पांढरे असतील, त्याचा आनंद आहे. ब्रशनेही ते होतात, कुत्र्यांच्या पेस्टने. माणसांची पेस्ट वापरू नका, काहींत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विष आहे.

भाकरीचा_चंद्र, घरचं अन्न चालतं, पण ते कुणीतरी आखून द्यायला हवं. निम्म्याहून जास्त मांस-अंडी, थोडा मऊ भात, दुधी किंवा लाल भोपळा आणि वजनाप्रमाणे मिनरल मिक्श्चर. पांढऱ्या तांदळात कोंडा नसतो, म्हणून या जातीला तो पोळीपेक्षा बरा. संतुलित खाद्य खाणाऱ्या पिल्लाला मात्र वर कॅल्शियमचं सिरप देऊ नका. हे मी दवाखान्यात रोज सांगतो आणि पुढच्या आठवड्यात तीच बाटली पुन्हा पिशवीत दिसते.

कारवानवाला म्हणतात त्यात मला तथ्य वाटतं. पण टेबलावर आलेल्या जनावराला मी ‘तू इथे यायला नको होतंस’ असं म्हणू शकत नाही.

उन्हाळ्यातली एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. लोक हस्कीचे केस मशीनने उडवून आणतात. ते करू नका. वरचे राठ केस ऊन अडवतात, खालची मऊ लोकर काढायची असते ती विंचरून. वर्षातून साधारण दोनदा तिचे पुंजके निघतात, तेव्हा रेकने (लांब दातांच्या फणीने) आणि स्लिकर ब्रशने (बारीक तारांच्या ब्रशने) रोज विंचरा. कातरलेली लोकर आधी वाढते, वरचे केस मागे राहतात, काही कुत्र्यांना ते नीट येतच नाहीत.

उष्माघाताची शंका आली, म्हणजे धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, चाल लटपटते, तर आधी नळाच्या साध्या पाण्याने सगळं अंग भिजवा, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. आपल्या कुत्र्याचं तापमान 39.2 अंश सेल्सिअसपर्यंत नेहमीचं. 41 च्या वर गेलं तर एकेक मिनिट मोलाचं.

वाशिष्ठीकाठ

डॉक्टर, आमच्याकडे उन्हापेक्षा पावसाळ्याची धास्ती. गेल्या वर्षी शेजारच्या हस्कीला गोचिडाचा ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या, नाकातून रक्त आलं. एवढ्या दाट केसांत गोचीड दिसतच नाही हो. शिवाय भिजून आला की दोन-दोन दिवस आतून ओलाच राहतो, मग वास आणि खाज.

गोठा_ते_दवाखाना (पशुवैद्य)

डोळ्यांनी शोधू नका, बोटांनी शोधा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, काखेत. रोज. गोचिडाची गोळी किंवा थेंब वजनाप्रमाणे वर्षभर द्या, कारण आपल्याकडे गोचीड हिवाळ्यातही मरत नाही. कधी झटके आले असतील तर गोळी निवडण्याआधी डॉक्टरांना सांगा. भिजल्यावर टॉवेलने नुसतं वरवर पुसून भागत नाही, थंड हवेच्या ब्लोअरने मुळापर्यंत वाळवा. ओलं राहिलं की लालसर पाणथळ जखमा होतात. साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. त्याची लस पावसाळ्याच्या आधी पूर्ण करा.

टोरांटोची_सई

इथे बर्फ आहे, धावायला जागा आहे, तरी आमच्या ओळखीतल्या एका हस्कीला अगदी हाच झिंकचा आजार निघाला. म्हणजे हवामान त्याचं उत्तर नाही. धागाकर्तीशी सहमत.

कारवानवाला

सईताई, तिकडच्या हस्कीला निदान धाप तरी लागत नाही. टोरांटोत आजार निघाला म्हणून नागपूरचं ऊन कमी होत नाही. डॉक्टरांचं वाचून माझं मत उलट पक्कं झालं. रोज बोटांनी तपासणी, मुळापर्यंत ब्लोअर, आखून दिलेलं जेवण, पहाटे साडेपाचला फेरी. किती घरं हे दहा-बारा वर्षं करतील? ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार, पण विकत घेणाऱ्यांना हे कुणी आधी सांगत नाही.

भाकरीचा_चंद्र

डॉक्टर, भावाच्या हस्कीलाही डोळ्यांपाशी अशाच खपल्या आहेत. धागा त्याला पाठवला. औषधाच्या दुकानात माणसांच्या झिंकच्या गोळ्या मिळतात, त्यातली अर्धी सुरू करू का?

गोठा_ते_दवाखाना (पशुवैद्य)

नको. आधी कातडी खरवडून खरूज आणि बुरशी तपासा, थायरॉइडही बघा, कारण खपल्या तशाच दिसतात. झिंकच निघालं तर डोस वजनावर ठरतो. जास्त झालं तर लाल पेशी फुटतात आणि कुत्रा पिवळा पडतो. गोळी उपाशीपोटी दिली तर उलटी करतो, म्हणून जेवणात घालून द्यायची, आणि काहींना ती जन्मभर लागते. तोवर भावाला सांगा, दूध आणि सिरप आजपासून बंद, पोळीच्या जागी भात आणि अंडं. दवाखान्यात नाव नोंदवताना खाण्याची यादी लिहून आणा, बिस्किटांसकट.