विषय: ढब्बूनं अंडी घातलीत, उबवायची का?

प्रेषक: मुग्धा (गिल्बर्ट, ॲरिझोना)

मंडळी नमस्कार,
मंडळाचा विषय नाही, सांभाळून घ्या. आमचं सुल्काटा जातीचं (आफ्रिकेतलं, जमिनीवर राहणारं) कासव, ढब्बू, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. ११ वर्षं आम्ही त्याला 'तो' म्हणत आलो. शनिवारी दुपारी हा एसीच्या बाहेरच्या युनिटमागे खड्डा खणत बसला. मागचा एक पाय आत घालायचा, ओंजळभर माती वर काढायची, बाजूला ठेवायची, मग दुसरा पाय. तीन तास! आणि मग पिंगपाँगच्या चेंडूंसारखी १९ अंडी. मागच्या उन्हाळ्यात टेक्सासला गेलेल्या एका कुटुंबाचा नर आम्ही ठेवून घेतला, त्याचा हा प्रताप.
लेक हट्टाला पेटलीय, उबवायचीच म्हणून. कुणाकडे इन्क्युबेटर आहे का? पिल्लं हवी असतील त्यांनी नावं कळवा. गणपतीच्या कार्यक्रमात स्टॉल लावला तर हॉलच्या भाड्यालाही हातभार लागेल.

प्रेषक: समीर

एक आमच्याकडे! मुलगा कुत्र्यासाठी मागे लागलाय, त्यापेक्षा कासव परवडलं.

प्रेषक: शुभदा (मेसा)

समीर, कुत्राच घे. कुत्र्याची जबाबदारी बारा-पंधरा वर्षांची. सुल्काटा सत्तर वर्षंही जगतं, म्हणजे मृत्युपत्रात त्याची सोय करावी लागेल.

मुग्धा, मी चार वर्षं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका रेस्क्यूत, म्हणजे नकोशा प्राण्यांच्या आश्रयस्थानात, शनिवारी जाते. तिथे सगळ्यात जास्त काय येतं तर सुल्काटा. प्रत्येकाची कहाणी तीच: तळहाताएवढं, पाच सेंटिमीटरचं गोड पिल्लू घेतलं, दहा वर्षांत ते ४० किलोचं झालं, कुंपण ढकलून शेजाऱ्याकडे गेलं, घराच्या पायाशी बीळ खणलं. गालापागोस आणि अल्दाब्राची कासवं सोडली तर याच्याहून मोठं जमिनीवरचं कासव जगात नाही. १९ अंड्यांतून १२ पिल्लं निघाली तरी १२ अंगणं लागतील. आपल्यातले निम्मे लोक अपार्टमेंटमध्ये राहतात.

स्टॉलचं तर विसरच. चार इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायला १९७५पासून अमेरिकेत बंदी आहे, साल्मोनेला जिवाणूमुळे. लहान मुलं पिल्लू हातात घेतात, मग हात तोंडात. आणि नंतर जड झालं म्हणून वाळवंटात सोडून येऊ, असंही कुणी मनात आणू नका. पाळीव कासवांच्या आजारांनी इथली मूळची वाळवंटी कासवं मरतात. त्या कासवांची घरी पैदास करायला तर ॲरिझोनात परवानगीशिवाय बंदीच आहे. सुल्काटाला तसा कायदा नाही, म्हणून तर हा सुळसुळाट.

उबवणं अवघड नाही, हीच अडचण आहे. २९-३० अंशांना साधारण साडेतीन महिने, बस. अंडी खड्ड्यात तशीच ठेवलीस तर फीनिक्सच्या उन्हात आपोआपही निघतील. म्हणून ती काढून टाकलेलीच बरी.

प्रेषक: नानाकाका

मी दापोलीचा. आमच्या वेळासला २००२पासून कासवांची अंडी डोळ्यांत तेल घालून राखतात, पिल्लं समुद्राकडे निघाली की गाव गोळा होतं. आणि इथे तुम्ही ती फेकून द्या म्हणता? अभंगातली कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते हो.

प्रेषक: शुभदा

नानाकाका, अभंगातली वाढवत असेल, ढब्बूनं काय केलं ते मुग्धाला विचारा. खड्डा बुजवला, पोटानं माती दाबली, आणि गवत खायला गेली! वेळासची पिल्लं ज्या समुद्राची, त्याच समुद्रात जातात. ढब्बूचं रान सहाराच्या दक्षिणेला. तिथे ही जात खरोखर संकटात आहे, आणि सेनेगलमध्ये तिथल्याच कासवांची पैदास करून ती रानात सोडतातही. पण गिल्बर्टमधलं, आई-बाप कुठले ते माहीत नसलेलं पिल्लू त्यांच्या काय कामाचं?

मुग्धा, अंडी काढून पहिल्या दिवसातच फ्रीझरमध्ये टाकायची असतात, आत जीव वाढायच्या आधी. आज सोमवार, अजिबात थांबू नकोस. नराला वेगळ्या कुंपणात ठेव, नाहीतर तो तिला दिवसभर धडका देत राहील. तरी एक सांगते: नर नसतानाही ती पुढची काही वर्षं फलित अंडी घालू शकते. तेव्हा एसीमागे लक्ष ठेव. आणि तिला कॅल्शियम दे, अंडं अडलं तर जिवावर बेततं.

प्रेषक: मुग्धा

इन्क्युबेटर नको, सगळ्यांचे आभार. काल रात्री टॉर्च लावून अंडी काढली. लेक रडली, मग तिनंच मोजून पिशवीत भरली. नराला कुणी नेणार असेल तर सांगा. अंगण मोठं हवं, समीर, तुझं नाही चालणार.
फ्रीझरमध्ये माघी गणपतीचे उरलेले मोदक होते, त्यांच्या शेजारीच जागा मिळाली. लेकीनं पिशवीवर मार्करनं ठळक लिहिलंय : 'बाबा, हे मोदक नाहीत.'