सल्ला हवा: चर्च बंद असताना मंडळी बांधून कशी ठेवावी? (सातारा जिल्हा)

कृष्णाकाठ (मे २०२१)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

कोविडच्या दुसऱ्या लाटेमुळे एप्रिलपासून चर्च पुन्हा बंद आहे. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, ६४ घरांची. निम्मी घरं साताऱ्यात, बाकीची कोरेगाव, रहिमतपूर, वाई आणि पाटणकडे. २२ घरांत स्मार्टफोन नाही, किंवा आहे तो कामावर जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो. रविवारी झूमवर उपासना होते, पण दर वेळी तीच १५-१६ घरं दिसतात. बाकीच्यांची खबरच लागत नाही. गाण्याच्या वेळी नुसता गोंधळ होतो. २३ मेला पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) आहे, काहीजण घरीच प्रभूभोजन (भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी) घेऊ म्हणतात. दान जवळपास थांबलंय. आणि मंडळीत मृत्यू झाला तर काय करायचं, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. अनुभवी लोकांनी कृपया नेमकं सांगावं.

सांगलीवाडी

सलाम. झूम थोडं बाजूला ठेवा आणि आधी फोनची वही करा. उपासना स्क्रीनवर दिसली म्हणजे संगती झाली असं होत नाही. संगती होते ती कुणीतरी नाव घेऊन चौकशी केली की.

६४ घरांचे आठ गट पाडा, एका गटात आठ घरं. प्रत्येक गटाला दोघं नेमा, एक वडील (मंडळीचा कारभार बघणारा ज्येष्ठ) आणि महिला मंडळातली एक बाई. दोघं अशासाठी की एकजण आजारी पडला तर त्या आठ घरांचा धागाच तुटतो, आणि या लाटेत ते हमखास होतंय. शिवाय एकटी राहणारी आजी पुरुषाला फोनवर सगळं सांगत नाही. गट गावानुसार किंवा गल्लीनुसार करा, नात्यानुसार नको. नात्यातले एकमेकांशी तसेही बोलतात, आणि भांडण असेल तर बोलतच नाहीत.

आठवड्याला दोन फोन, मंगळवार आणि शनिवार, ठरल्या वेळी. वहीत पाच रकाने आखा: तारीख, कुणाशी बोलणं झालं, तब्येत, अडचण, प्रार्थनेचा विषय. ‘सगळं बरं आहे ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो, प्रभूची कृपा’ एवढंच येतं. विचारायचं ते असं: काल रात्री काय जेवलात? बीपीची गोळी किती दिवस पुरेल? घरात कुणाला ताप, खोकला? शेवटी कधीकधी आजींनाच म्हणा, ‘आज तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करा.’ सतत घेणाऱ्याच्याच जागी बसवलं की माणूस खचतं.

हे बिघडतं ते तिसऱ्या आठवड्यात. उत्साह ओसरतो आणि फोन ‘व्हॉट्सअॅपवर टाकलंय’ इथपर्यंत येतो. म्हणून रविवारी संध्याकाळी प्रत्येक गटानं पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आठ घरांच्या आठ ओळी वाचून दाखवायच्या, आणि सहा आठवड्यांनी फोन करणारी जोडी बदलायची. कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या घराची परवानगी असल्याशिवाय नाव ग्रुपवर टाकायचं नाही. एकदा तसं झालं की पुढची दहा घरं ताप लपवतात.

साध्या बटणाच्या फोनवरही घरसभा होते. एकाला फोन लावा, होल्डवर ठेवा, दुसऱ्याला लावा, मग ‘कॉन्फरन्स’ किंवा ‘मर्ज’. असे पाचजण जोडता येतात, तुमच्यासह सहा. २० मिनिटं पुरेत: एक स्तोत्र, दोन प्रार्थना, आशीर्वाद. पाटणकडच्या डोंगरात रेंज तुटते, त्यामुळे त्या घरांना सगळ्यात शेवटी जोडा.

पेटीमास्तर

गाण्याचं सांगतो. झूमवर सगळ्यांनी एकत्र गायचंच नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, ताल जुळणं शक्यच नाही. होस्टनं ‘म्यूट ऑल’ करायचं, पेटी आणि एकच गाणारा चालू, बाकीच्यांनी आपापल्या घरी मोठ्यानं म्हणायचं. लोकांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर ‘आमचा आवाज बंद केला’ म्हणून रुसतात.

पेटीचा सूर मधेच गिळला जातो, कारण झूम लांबलेल्या सुराला आजूबाजूचा गोंगाट समजतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. फोन पेटीच्या भात्यासमोर ठेवू नका, गाणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर, दोन हात अंतरावर ठेवा. तबला लांबच.

फुकटच्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा आहे आणि ती नेमकी संदेशाच्या मध्यावर संपते. म्हणून गाणी दोन, संदेश १५ मिनिटं, आणि शेवटची दहा मिनिटं सगळ्यांचे माइक खुले, नुसतं एकमेकांना सलाम करायला. लोक त्या दहा मिनिटांसाठीच थांबतात. ती कापू नका.

व्हिडिओचा नाद सोडा. व्हॉट्सअॅपवर मोठा व्हिडिओ सहज जात नाही, आणि गेला तरी डेटा संपेल म्हणून लोक उघडत नाहीत. दहा मिनिटांची व्हॉइस नोट दोन-तीन एमबीत होते. संदेश तसा पाठवा. आणि भजनं जास्त घ्या. एक सांगतो, बाकीचे धरतात, ही रीत फोनवर चार वेगवेगळ्या सुरांत एकत्र गायच्या गीतापेक्षा बरी चालते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ ही चर्चच्या चौकटीबाहेरची संगती साताऱ्यातच मांडली होती. भिंतीबाहेरची संगती तुमच्या गावाला नवी नाही.

वॉर्डसिस्टर_मिरज

प्रत्येक गटाला एक ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) द्या. वापरून झाला की बोट घालायची जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून मगच पुढच्या घरी. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, बोट गार असेल, तर आकडा खोटा कमी येतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं बसवा, आकडा स्थिर झाल्यावर वाचा. ९४ च्या खाली असेल तर थांबायचं नाही, डॉक्टर. आकडा चांगला असेल तर घरातच सहा मिनिटं चालवून पुन्हा बघा. तीनपेक्षा जास्त घसरला तरी डॉक्टर. दम्याच्या रुग्णाला हे चालवणं करू नका. फोन करणाऱ्यानं औषध सुचवायचं नाही, घरात कुणाकडे स्टिरॉइडची गोळी असली तरी नाही.

तरुण संघाला लसीच्या नोंदणीचं काम द्या. एका मोबाइल नंबरवर सध्या (मे २०२१) चार नावं नोंदवता येतात. आधार कार्डावरचं नाव आणि जन्मसाल आधी वहीत लिहून घ्या. ओटीपी आल्यावर शोधाशोध केली की स्लॉट जातो.

चर्च उघडेल तेव्हा घाईनं गायनमंडळ उभं करू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायनमंडळाचा अडीच तास सराव झाला. हजर ६१, आजारी पडले ५३, त्यातले दोघे दगावले. बंद खोलीत गाणं म्हणजे श्वासाची वाटणीच. सगळी दारंखिडक्या उघडी, मास्क लावून, उपासना ४५ मिनिटांच्या आत. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: दारात सॅनिटायझर लावून लगेच मेणबत्ती हातात देऊ नका. अल्कोहोल पेट घेतं. हात पूर्ण कोरडे होऊ द्या, किंवा दारात साबण-पाणीच ठेवा.

खजिनदार

दान थांबतं ते मन आटल्यामुळे नाही, वाट नसल्यामुळे. घरोघरी बारा पाकिटं द्या, वर महिना आणि घराचा क्रमांक. महिन्यातून एकदा गटाची जोडी दारातूनच पाकीट घेईल आणि पावती तिथेच फाडेल. क्यूआर कोड लावायचा तर मंडळीच्या ट्रस्टच्या खात्याचाच, कुणाच्याही स्वतःच्या खात्याचा नाही, चार दिवसांपुरताही नाही. पुढची निम्मी भांडणं तिथूनच उगवतात.

मदतीचा हिशेब वेगळ्या वहीत, दोन सह्या. चार माणसांच्या घराला १५ दिवसांना: ज्वारी किंवा गहू १० किलो, तांदूळ ५, तूरडाळ २, तेल २ लिटर, साखर २, चहापूड पाव किलो, तिखट, मीठ, अंगाचा आणि कपड्याचा साबण. पिशवी संध्याकाळी द्या, फोटो काढू नका. ‘अर्ज करा’ म्हणू नका, गरज फोनच्या वहीत आलेलीच असते. त्याच पिशवीत उपासनेचं पान घाला: ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी, अक्षर १६ पॉइंटपेक्षा लहान नको. एक वाचन, एक स्तोत्र, गीताचा क्रमांक, प्रार्थना आणि मागच्या आठवड्यातल्या प्रार्थनेच्या विषयांचं काय झालं ते दोन ओळीत. लोक आधी तेच वाचतात.

सांगलीवाडी

प्रभूभोजनाबद्दल. घरी आपापलं घेऊ, हे ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडे दीक्षा मिळालेल्या पाळकाशिवाय ते होत नाही आणि स्क्रीनवरून चालेल की नाही यावर एकमत नाही. बिशपांचं पत्र आल्याशिवाय सुरू करू नका, मंडळी दोन बाजूंना फुटेल. पेंटेकॉस्टला त्याऐवजी स्नेहभोजन ठेवा: सगळ्या घरांनी एकाच वेळी, बायबलमधलं एकच वचन वाचून, एकच साधं जेवण. भाकरी आणि पिठलं. एकट्या माणसाच्या घरी शेजारच्या गटानं डबा पोचवायचा.

वॉर्डसिस्टर_मिरज

मला हे पटत नाही. जे वर्षभर प्रभूभोजनाला मुकलेत, ज्यांचं उद्या काही खरं नाही, त्यांना स्नेहभोजन म्हणजे पर्याय वाटत नाही. पाळकांनी लस घेतली असेल तर दारात, उघड्यावर, एका घरी पाच मिनिटं, असं करता येतं. भाकरीचे तुकडे आधीच कापलेले, चमच्यानं तळहातावर सोडायचे. सामाईक प्याला नाही, छोटे कागदी कप. आजारी आणि ७० च्या पुढचे आधी.

सांगलीवाडी

सिस्टर, तुमचं म्हणणं मान्य. पाळकसाहेब तयार असतील तर दारातलं प्रभूभोजन आधी, स्नेहभोजन सगळ्यांसाठी.

आता अंत्यविधी. हे आजच ठरवा, कारण वेळ आली की दोन-तीन तासच मिळतात. अंत्यविधीला सध्या (मे २०२१) २० माणसांची मर्यादा आहे. कोविडनं मृत्यू झाला तरी दफन करता येतं. दफनाला विरोध करणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये फेटाळल्यात. केंद्राच्या सूचनांप्रमाणे देहाला हात न लावता वचन वाचता येतं, प्रार्थना करता येते. आंघोळ घालणं, चुंबन, मिठी नाही. एका कागदावर लिहून ठेवा: पालिकेत कुणाला फोन, खड्डा खणणारे दोघे, शवपेटी करणारा सुतार, दफनभूमीची चावी कुणाकडे. जूनपासून आपल्या काळ्या मातीत खड्डा तासाभरात पाण्यानं भरतो. दोन ताडपत्र्या आणि एक पंप आत्ताच सांगून ठेवा.

घरी जाता येत नाही, म्हणून सांत्वनाचे फोन तारखेनिशी वहीत घाला: तिसरा दिवस, पंधरावा, महिना, वाढदिवस. पहिल्या आठवड्यात सगळेच फोन करतात. पंधराव्या दिवशी घर खरं रिकामं वाटतं.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज रात्री वडिलांच्या बैठकीत आठ गट पाडतो. एक शंका: शब्बाथशाळेतली (मुलांच्या बायबलवर्गातली) ३० मुलं कुणाच्या वाट्याला द्यायची?

पेटीमास्तर

ती गटात वाटू नका, शिक्षकांकडेच राहू द्या. एका शिक्षकाला सहा मुलं, शनिवारी सकाळी एकेकाला फोन. एक वचन पाठ म्हणून घ्यायचं, आणि मूल म्हणेल ते ऐकायचं. घरात आजोबा गेलेत हे तुम्हाला बऱ्याचदा मुलाकडूनच पहिल्यांदा कळेल, तेव्हा शिक्षकांकडेही तीच पाच रकान्यांची वही द्या.