रोपवे असला तरी गिरनार चढावाच लागतो
रोपवे झाल्यापासून गुजरातमधल्या जुनागढजवळच्या गिरनार डोंगरावर जायला काही कष्ट उरले नाहीत असं तुम्ही म्हणताय, पण ते पटलं नाही. २०२० पासून रोपवे आहे खरा, पण तो फक्त वाटेतल्या अंबाजी मंदिरापर्यंतच जातो, तिथून गोरक्षनाथ शिखर, मग भरपूर उतार आणि परत दत्तशिखराचा खडा चढ, हे सगळं पायीच करावं लागतं आणि गुडघे खरे तिथेच बोलायला लागतात.
आणि कार्तिकातली परिक्रमा वेगळी हं, ती एकादशी ते पौर्णिमा, डोंगराभोवती जंगलातून साधारण ३६ किमी. पाच दिवसांत दोन्ही करणार असाल तर आधी परिक्रमा करा, एक दिवस पाय मोकळे होऊ द्या, मग दत्तशिखरावरच्या दत्तपादुकांचं दर्शन. आईला घेऊन जाताय म्हणून कळकळीने सांगतेय.